वरच्या गावाचे सांडपाणी, खालच्या गावाचे पाणी

(मराठवाडा व सीमाभागातील नदीकाठच्या गावांचे सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, शिक्षक आणि ग्रामस्थ यांच्या अभ्यासदौऱ्याच्या निमित्ताने नामपल्ली, हैदराबाद येथे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)

उपस्थित सरपंच, शिक्षक बंधुभगिनी, अधिकारीवर्ग आणि ग्रामस्थहो,

आपण येथे हैदराबाद शहर पाहण्यासाठी आला आहात. चारमिनार, सालारजंग संग्रहालय, गोवळकोंडा ही स्थळे आपण पाहालच. परंतु या शहरातील एक गोष्ट अशी आहे की, जी पाहण्यासाठी कोणी प्रवासी मुद्दाम वाट वाकडी करीत नाही. आणि तरीही नदीकाठच्या गावांत राहणाऱ्या माणसांनी ती अवश्य पाहावी, असे मला वाटते. ती गोष्ट म्हणजे या शहराचे सांडपाणी आणि त्याचा पुढचा प्रवास.

नामपल्ली हे नाव मराठवाड्याला नवे नाही. येथील रेल्वे स्थानक १९०७ साली बांधले गेले. त्याच वर्षी या शहरात विवेकवर्धिनी ही मराठी शिक्षणसंस्थाही उभी राहिली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत मराठवाड्याचे पाचही जिल्हे आणि हे शहर एकाच राज्यात होते. कचेरीच्या, शिक्षणाच्या आणि व्यापाराच्या कामासाठी आपल्या वाडवडिलांचे येथे येणेजाणे होते. राज्यांच्या सीमा बदलल्या. पण पाण्याने मात्र त्या सीमा कधीच मानल्या नाहीत. आजच्या भाषणाचे सूत्रही हेच आहे.

दोन नद्या, एक धडा

आपल्यापैकी अनेकजण मांजरा नदीच्या काठचे आहात. बीड जिल्ह्यातील बालाघाटच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी धाराशिव व लातूर जिल्ह्यांतून कर्नाटकातील बीदरकडे वळते, तेथून तेलंगणात शिरते आणि वळण घेऊन नांदेड जिल्ह्याच्या सीमेला स्पर्श करीत कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. या मांजरेचे पाणी १९६५ पासून हैदराबादच्या नागरिकांना पिण्यासाठी पुरविण्यात येऊ लागले. पुढे सिंगूर जलाशयातूनही ते आणले गेले. याचा अर्थ असा की, निलंगा किंवा औराद परिसरातील एखाद्या गावाने आपल्या नाल्यातून जे काही मांजरेत सोडले, त्याचा संबंध या शहरातील माणसाच्या पेल्याशी आला.

आता दुसरी नदी पाहू. ती या शहराची मुसी. विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या टेकड्यांत तिचा उगम आहे. सुमारे २४० किलोमीटरचा प्रवास करून नलगोंडा जिल्ह्यात वाडपल्ली येथे ती कृष्णेला मिळते. आपण आता बसलो आहोत, तेथून तिचे पात्र फार दूर नाही. शहराने वापरून टाकलेले पाणी अखेर तिच्याकडेच जाते. तेथून पुढे ते ज्या गावांच्या शिवारात शिरते, त्या गावांनी या शहराकडे ते मागितलेले नव्हते.

मांजरेच्या काठी आपण वर आहोत आणि शहर खाली आहे. मुसीच्या काठी शहर वर आहे आणि गावे खाली आहेत. ज्याच्या वर कोणी नाही आणि ज्याच्या खालीही कोणी नाही, असे एकही गाव नदीकाठी नसते.

मुसीची कहाणी

२८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसीला महापूर आला. त्यात सुमारे पंधरा हजार माणसे मृत्युमुखी पडली, असे सांगितले जाते. निजाम सरकारने त्यानंतर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना सल्ल्यासाठी पाचारण केले. विश्वेश्वरय्यांनी अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये घेतले होते आणि मुंबई इलाख्यात दीर्घ सेवा केली होती, हे आपणांस ठाऊक असेलच. त्यांच्या शिफारशींतून उस्मानसागर १९२० मध्ये आणि हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पूर अडला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले. शहराच्या गटारव्यवस्थेचा आराखडाही त्यांनी तयार केला होता. पाणी आणणे आणि वापरलेले पाणी नेणे ही एकाच कामाची दोन अंगे आहेत, हे त्या द्रष्ट्या अभियंत्याने ओळखले होते.

कालांतराने शहर वाढले. मांजरेचे, कृष्णेचे आणि गोदावरीचे पाणी येत गेले. परंतु जितके पाणी आत आले, तितके शुद्ध होऊन बाहेर पडले नाही. वरच्या बाजूला धरणे आणि खालच्या बाजूला गटारे, अशा स्थितीत मुसी भर उन्हाळ्यातही वाहू लागली. हे वाहणे पावसाचे नव्हते, सांडपाण्याचे होते.

खालच्या गावांनी काय केले?

शहराच्या पूर्वेला पीरजादीगुडा, पर्वतापूर, प्रतापसिंगारम, कोर्रेमुला, एदुलाबाद अशी गावे मुसीच्या आश्रयाने वसली आहेत. नदीवर जागोजागी जुने बंधारे आहेत. त्यांतून निघणाऱ्या कालव्यांनी पाणी तलावांत व शेतांत जाते. पूर्वी या शेतांत भात पिके. बारमाही पाणी मिळू लागल्यावर शेतकऱ्यांनी त्याचा लाभ घेतला. पण शहराला लागून असलेल्या शिवारांत भाताचे उत्पन्न घटत गेले आणि जमिनी क्षारपड होऊ लागल्या. तेव्हा तेथील शेतकरी पॅरा गवताकडे वळला. हे गवत घाण पाणी सोसते, लवकर वाढते आणि शहरातील म्हशींच्या गोठ्यांना रोज विकले जाते. पालेभाज्याही पिकविल्या जातात. हजारो कुटुंबांची चूल या पाण्यावर पेटली, हे नाकारता येणार नाही.

परंतु नाण्याची दुसरी बाजूही आहे. विहिरींचे पाणी पिण्याजोगे राहिले नाही. दिवसभर अनवाणी पायांनी त्या पाण्यात उभे राहून गवत कापणाऱ्या स्त्रीपुरुषांना अंकुशकृमी व जंत यांचा उपद्रव होण्याचा धोका अधिक असल्याचे संशोधकांना आढळले. त्वचेच्या तक्रारी होऊ लागल्या. सांडपाण्यावर उत्पन्न मिळते, पण त्यातील काही हिस्सा दवाखान्याकडे जातो, असा हा व्यवहार आहे.

या गावांच्या अभ्यासातून एक आशादायक गोष्टही पुढे आली आहे. शहराखाली सुमारे ४० किलोमीटरपर्यंत ठिकठिकाणचे पाण्याचे नमुने तपासले असता, पाणी जसजसे पुढे जाते तसतसे ते सुधारत जाते, असे दिसून आले. आणि या सुधारणेत नदीवरील बंधाऱ्यांचा मोठा वाटा आहे. बंधाऱ्यामागे पाणी संथ होते, गाळ तळाशी बसतो, जंताची अंडी गाळाबरोबर खाली राहतात. ऊन आणि वारा आपले काम करतात. शेतीसाठी बांधलेल्या साध्या दगडी बंधाऱ्यांनी न सांगता शुद्धीकरण केंद्राचे काम केले! आपल्या गावांच्या दृष्टीने हा फार मोठा बोध आहे.

सांडपाणी म्हणजे काय?

मी अभियंता नाही. कलाशाखेचा पदवीधर आहे. म्हणून हे शास्त्र मला जसे समजले तसे, व्यवहाराच्या भाषेत सांगतो.

घरातील सांडपाणी दोन प्रकारचे असते. स्वयंपाकघर, मोरी, न्हाणीघर आणि कपडे धुण्याच्या जागेतून येणारे एक, आणि शौचालयातील मैलापाणी दुसरे. पहिले तुलनेने सौम्य असते. दुसऱ्यात रोगजंतू विपुल असतात. ही दोन पाणी वेगळी ठेवणे, ही ग्रामीण सांडपाणी व्यवस्थेची पहिली पायरी होय. तिसरा प्रकार कारखान्यांच्या पाण्याचा. त्यातील रसायने निसर्गाला सहजासहजी पचत नाहीत. पटनचेरू भागातील औषध कारखान्यांचे पाणी ओढ्यांवाटे मांजरेकडे गेले, तेव्हा काय अनर्थ झाला, हे त्या भागातील शेतकऱ्यांनी भोगले आहे. आज मी जे उपाय सांगणार आहे, ते घरगुती पाण्यासाठीच आहेत.

पाण्यात अन्नाचे कण, साबण, तेल, मळ मिसळला की त्यावर सूक्ष्म जीव तुटून पडतात. हे जीव पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. घाण जितकी जास्त, तितकी प्राणवायूची मागणी जास्त. शास्त्रज्ञ हीच मागणी मोजून पाणी किती दूषित आहे, हे ठरवितात. मागणी पुरवठ्याहून वाढली की मासे मरतात, पाणी काळे पडते आणि दुर्गंधी सुटते. सडक्या अंड्यासारखा वास आला की समजावे, येथे प्राणवायू संपला आहे.

शुद्धीकरण म्हणजे काही जादू नव्हे. निसर्ग जे काम करतोच, ते काम त्याला वेळ, जागा आणि हवा देऊन एका ठिकाणी पूर्ण करून घेणे, यालाच शुद्धीकरण म्हणतात. मोठी शहरे जागा कमी म्हणून यंत्रांनी हवा देतात. गावाजवळ जागा आहे, ऊन आहे. त्याला यंत्राची गरज कमी आहे.

शहराचा उपाय आणि गावाचा उपाय

मुसीच्या शुद्धीकरणासाठी राष्ट्रीय नदी संवर्धन योजनेखाली अंबरपेठ येथे ३३९, नागोल येथे १७२, अत्तापूर येथे ५१ आणि नल्लाचेरुवू येथे ३० दशलक्ष लिटर, म्हणजे एकूण ५९२ दशलक्ष लिटर पाणी दररोज शुद्ध करण्याच्या क्षमतेची केंद्रे उभारण्यात आली. अंबरपेठच्या केंद्रात जी पद्धत योजली गेली, तीत पाणी टाकीच्या तळाकडून वर चढते. वाटेत गाळाचा जाड थर असतो. त्यातील प्राणवायूविना जगणारे जंतू घाण पचवितात. पुढे उघड्या तलावांत पाण्याला हवा दिली जाते. तरीही शहराच्या वाढीपुढे ही क्षमता अपुरी पडली, म्हणून २०२१ मध्ये आणखी ३१ केंद्रांची, एकूण १,२५९.५० दशलक्ष लिटर क्षमतेची योजना मंजूर झाली. आधी नदी बिघडू द्यायची आणि मग सुधारायची, हा मार्ग किती खर्चाचा आहे, हे या आकड्यांवरून लक्षात यावे.

आता आपल्या गावाचा हिशेब करू. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी घरी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. दोन हजार वस्तीच्या गावाला या हिशेबाने रोज १ लाख १० हजार लिटर पाणी येईल. त्यातील तीनचतुर्थांश जरी सांडपाणी म्हणून बाहेर पडले, तरी ते रोज सुमारे ८२ हजार ५०० लिटर होते. वर्षाला ते तीन कोटी लिटर भरते.

तीन कोटी लिटर म्हणजे किती? एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरला नसाल. पन्नास वाघिणींच्या अशा एका गाडीत सुमारे २५ लाख लिटर पाणी येत असे. म्हणजे दोन हजार वस्तीचे एक गाव वर्षाला अशा बारा गाड्यांइतके पाणी गटारात सोडते. ज्या मुलखात पाण्याची गाडी पाहायला माणसे स्थानकावर जमली, त्या मुलखाला ही उधळपट्टी परवडणारी नाही.

येथे एक धोक्याची सूचनाही दिली पाहिजे. डोक्यावरून हंडा आणणारी बाई पाणी जपून वापरते. नळ आला की पाणी वाढते आणि त्याबरोबर सांडपाणीही वाढते. नळ आणला आणि निचरा केला नाही, तर गावात पाण्याबरोबर डास आणि हिवतापही आणल्यासारखे होईल.

घरच्या घरी निचरा

पहिला उपाय घरातच आहे. पाच माणसांच्या कुटुंबाचे सांडपाणी रोज सुमारे २०० लिटर होते. अंगण असेल तर ते परसबागेला द्यावे. केळी, अळू, कर्दळ, शेवगा या झाडांना ते चालते. साबणाचे पाणी एकाच जागी साचू न देता आळ्यांतून फिरवावे.

अंगण नसेल तेथे शोषखड्डा. नांदेड जिल्ह्याने या साध्या उपायाला नवे रूप दिले. हिमायतनगर तालुक्यातील टेंभुर्णी हे गाव शोषखड्ड्यांमुळे डासमुक्त गाव म्हणून नावाजले गेले आणि पुढे रोजगार हमीच्या जोडीने तो प्रयोग जिल्हाभर पसरला. लोक त्याला 'मॅजिक पिट' म्हणू लागले. त्यात जादू कसलीच नाही. सुमारे चार फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट खोल असा खड्डा घ्यावयाचा. मध्यभागी छिद्रे पाडलेली सिमेंटची टाकी ठेवावयाची. तिच्या भोवती तळाला मोठे दगड, वर लहान दगड व खडी भरावयाची. मोरीचे पाणी नळीने टाकीत सोडावयाचे. गाळ टाकीत बसतो आणि पाणी छिद्रांवाटे दगडांत व तेथून जमिनीत जिरते. वर झाकण असल्याने डासांना थारा मिळत नाही आणि रस्त्यावरचे गटार कोरडे पडते.

मात्र तीन पथ्ये पाळावीत. पहिले, टाकीत साचलेला गाळ वरचेवर काढावा. नाही तर छिद्रे बुजतात आणि खड्ड्याची बदनामी होते. दुसरे, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून वा हातपंपापासून खड्डा किमान दहा मीटर दूर असावा. तिसरे आणि आपल्या भागासाठी सर्वांत महत्त्वाचे पथ्य म्हणजे जमीन पाहणे. काळी चिकण माती पाणी धरून ठेवते, जिरवीत नाही. तेथे मुरूम लागेपर्यंत खोदावे. मुरूम लागतच नसेल, किंवा पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येत असेल, तर शोषखड्ड्याचा हट्ट धरू नये. नकाशावरची योजना जमिनीला विचारल्याशिवाय अंगणात आणू नये.

गावाच्या वेशीवर

जे पाणी घरात जिरत नाही, ते गटाराने गावाबाहेर जाते. ते सरळ नदीत किंवा ओढ्यात सोडण्याऐवजी त्याला थांबविले पाहिजे. त्यासाठी स्थिरीकरण तळी हा जुना आणि कसोटीस उतरलेला उपाय आहे. पहिल्या खोल तळ्यात गाळ बसतो. दुसऱ्या उथळ तळ्यात शेवाळ उन्हाच्या साहाय्याने प्राणवायू तयार करते आणि त्या प्राणवायूवर जगणारे जंतू घाण पचवितात. तिसऱ्या तळ्यात ऊन रोगजंतूंचा नाश करते. वीज नको, यंत्र नको. दोन हजार वस्तीच्या गावाचे सांडपाणी वीस दिवस थांबवायचे, तर साडेसोळा लाख लिटरची साठवण लागेल. सरासरी सव्वा मीटर खोली धरली, तर त्यास सुमारे १३ गुंठे जागा पुरते. बांध व वाट धरून अर्धा एकर समजावी. नदीच्या पात्रात अथवा पूररेषेच्या आत मात्र ती घेऊ नये.

जागा कमी असेल तर वनस्पतींचा गाळा करावा. खडी व वाळूने भरलेल्या उथळ चरात कर्दळ, पाणकणीस, नरकट यांची लागवड करून त्यांच्या मुळांतून पाणी हळूहळू जाऊ द्यावे. मुळांवर वाढणारे जंतू पाणी स्वच्छ करतात. ओढ्यावर दगडांचे लहान बांध घालून पाणी संथ केले, तरी मुसीच्या बंधाऱ्यांनी जे केले, ते लहान प्रमाणात आपल्या ओढ्यावर साधता येते.

असे पाणी वृक्षलागवड, बांबू, चारा आणि गावाच्या सार्वजनिक बागेला उपयोगी पडते. वर्षाचे तीन कोटी लिटर पाणी म्हणजे तीन हेक्टर क्षेत्रावर एक मीटर उंचीचा थर! त्यात नत्र व स्फुरदही असते. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ जागांत शहराच्या सांडपाण्यावर कित्येक पिढ्या मत्स्यशेती व भाजीपाला होत आला आहे, आणि २००२ मध्ये त्या क्षेत्राला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान मिळाले. उकिरड्याचेही दिवस पालटतात, अशी आपली म्हणच आहे. तथापि कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना हे पाणी देऊ नये. शेतात काम करणाऱ्यांनी पायांत बूट घालावेत, हात साबणाने धुवावेत आणि मुलांना जंतनाशकाची गोळी वेळेवर द्यावी.

माणसाचा जीव

शौचालयाविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. ज्या शौचालयाचे मैलापाणी नळीने उघड्या गटारात सोडलेले आहे, ते शौचालय गावाला हागणदारीमुक्त करीत नाही; ती हागणदारी फक्त शेजाऱ्याच्या दारात नेते. गावासाठी दोन शोषखड्ड्यांचे शौचालय उत्तम. एक खड्डा भरला की दुसरा वापरावा; पहिल्यातील मैला किमान वर्षभर तसाच राहू दिला की त्याचे निर्धोक खत होते. ते काढताना कोणालाही किळस वाटण्याचे कारण उरत नाही.

ज्यांनी मोठ्या बंद टाक्या बांधल्या आहेत, त्यांनी त्या साफ करण्यासाठी कोणत्याही परिस्थितीत माणूस आत उतरवू नये. टाकीतील विषारी वायूने क्षणार्धात प्राण जातो. वाचवायला उतरलेला दुसराही जातो. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला काढण्याच्या कामावर माणसे नेमण्यास बंदी आहे. साधनांवाचून व संरक्षणावाचून टाकीत माणूस उतरविणे हा गुन्हा आहे. परंतु कायद्याहून मोठी गोष्ट आहे ती माणुसकीची. हे काम पिढ्यान्पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारले गेले. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरीच्या आश्रमात संडासाचे प्रयोग केले, ते केवळ खतासाठी नव्हे. मैला उचलणाऱ्याच्या डोक्यावरचे ओझे उतरावे, हा त्यामागील हेतू होता. गाडगेबाबांनी हाती खराटा घेतला, तो दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनात मने झाडण्यासाठी. सांडपाण्याची व्यवस्था नीट करणे, हे त्या अर्थाने सामाजिक समतेचेही काम आहे.

पैसा, पद आणि पाठशाळा

पैसा कोठून आणायचा, हा प्रश्न सरपंच विचारतील आणि तो रास्त आहे. २०२० पासूनच्या स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या ग्रामीण टप्प्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना सांडपाणी व्यवस्थेसाठी माणशी २८० रुपयांचा निकष ठरविण्यात आला. दोन हजार वस्तीला तो ५ लाख ६० हजार रुपये होतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या कालावधीसाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या अनुदानातील ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांसाठीच बांधून दिला होता. शोषखड्डे रोजगार हमीतून घेता येतात, हे नांदेडने दाखविले. योजना बदलतील, निकष बदलतील. पण ज्या गावाकडे स्वतःचा आराखडा तयार असतो, त्यालाच निधी वेळेवर वापरता येतो.

खरी अडचण बांधण्याची नसून सांभाळण्याची आहे. उद्घाटनाच्या दिवशी नारळ फुटतो, छायाचित्र निघते आणि दोन पावसाळ्यांनंतर तळ्यात बाभळी उगवतात. हे टाळायचे असेल तर कामाच्या मंजुरीबरोबरच गाळ कोण काढील, केव्हा काढील आणि त्याचा खर्च कोणत्या खात्यातून निघेल, हे ग्रामसभेच्या ठरावात लिहून ठेवावे. पाण्याच्या नळासाठी पट्टी आहे. निचऱ्यासाठीही अल्पशी पट्टी ठेवण्यास संकोच करू नये.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. गावातील गटारांचा नकाशा करण्याचे काम आपल्या वर्गातील मुलांना द्या. कोणत्या घराचे पाणी कोठे जाते, कोठे साचते, विहीर किती अंतरावर आहे, ओढा कोठे मिळतो, हे मुले दोन रविवारी काढू शकतील. काचेच्या दोन बाटल्या घेऊन एकीत गावाच्या वरच्या अंगाचे आणि दुसरीत खालच्या अंगाचे नदीचे पाणी भरा. त्या वर्गात खिडकीत ठेवा. बाटल्यांची बुचे मुलांना उघडू देऊ नका, एवढी काळजी घ्या. रंग आणि गाळ यांतला फरक मुलांना भाषणाशिवाय समजेल. तोच नकाशा ग्रामसभेत भिंतीवर लावला, तर आराखड्याचे निम्मे काम झाले असे समजा.

समारोप

काही जण म्हणतील, शहरे नद्या नासवितात, कारखाने नासवितात. आमच्या दोन हजारांच्या गावाच्या गटाराने काय बिघडणार? हा आक्षेप वरकरणी पटण्यासारखा आहे. शहरांना आणि कारखान्यांना जाब विचारलाच पाहिजे. महाराष्ट्राने तर पाण्याच्या प्रदूषणाविरुद्धचा कायदा १९६९ मध्येच केला, देशाचा कायदा त्यानंतर १९७४ मध्ये आला. परंतु जाब विचारणाऱ्याचा स्वतःचा नाला स्वच्छ असेल, तर त्याच्या प्रश्नाला वजन येते. शिवाय आपल्या नाल्याचे पहिले दुःख खालच्या गावाला नसून आपल्यालाच आहे. डास आपल्याच लेकरांना चावतात आणि साचलेल्या गटाराकाठी आपल्याच घरातल्या बायका भांडी घासतात.

उद्या आपण मुसीकाठच्या त्या गावांकडे जाल. तेथे नाकाला रुमाल लावून लगेच गाडीत बसू नका. गवत कापणाऱ्या बाईशी दोन शब्द बोला. भाषेची अडचण आली तर दख्खनी आपल्या मदतीला आहेच. तिचे पाणी कोठून येते, ते तिला ठाऊक आहे. आपले पाणी कोठे जाते, ते आपल्याला ठाऊक आहे काय, एवढा प्रश्न मनात घेऊन आपापल्या गावी परत जा.

गाव करील ते राव काय करील, असे आपण म्हणतो. शासन निधी देईल, तंत्रज्ञ आराखडा देतील, परंतु आपल्या दारातून निघणारे पाणी दुसऱ्याच्या दारात घाण म्हणून जाऊ देणार नाही, हा निश्चय मात्र गावालाच करावा लागेल. तो निश्चय आपण करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद!